लिनक्सवर नेटवर्क कार्ड चालत नसेल, तर आधी कार्डाचा आयडी काढा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपचं बिलिंगचं मशीन, शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या ऑफिसातला जुना डेस्कटॉप, शाळेच्या लॅबमधले दहा-बारा संच, असे कितीतरी कॉम्प्युटर विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत. कुठे टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसते, कुठे प्रोसेसर जुना असतो. मशीन मात्र धडधाकट असतं. त्यावर उबुंटू, मिंट किंवा डेबियन यांपैकी एखादं लिनक्स टाकणं हा चांगला मार्ग आहे, आणि इन्स्टॉलेशनही सहसा विनातक्रार होतं. अडतं ते नेटवर.

अशा वेळी बहुतेक जण कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हरची झिप फाइल उतरवतात आणि ती कंपाइल करण्याच्या, म्हणजे कोडातून ड्रायव्हर बांधण्याच्या मागे लागतात. ही घाई टाळा. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबरच येतात. ‘ड्रायव्हर कुठून आणू’ हा प्रश्न नंतरचा. ‘नेमकं कुठे अडलंय’ हा आधीचा. अडायच्या जागा मोजक्या आहेत: कार्ड दिसतच नाही, कर्नल कार्डापेक्षा जुना आहे, फर्मवेअरची फाइल नाही, सिक्युअर बूट अडवतंय, किंवा हे सगळं ठीक असून केबल अथवा रेडिओ बंद आहे. प्रत्येकावर इलाज वेगळा. एकाचा इलाज दुसऱ्यावर केला की चालू असलेलंही बंद पडतं.

इथे कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या, अंकही इंग्रजीच. कॅपिटल अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

आधी तात्पुरतं नेट

पॅकेज उतरवायला नेट लागतं आणि नेटच चालत नाही, या कोंडीतून अँड्रॉइड फोन सोडवतो. फोन यूएसबी केबलने जोडा, सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगखाली यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्समधला आरएनडीआयएस_होस्ट हा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, त्यामुळे काही सेकंदांत ‘वायर्ड कनेक्शन’ असं नाव दिसतं. टेदरिंगचं बटण फिकं राहिलं तर केबल बदलून बघा. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. बऱ्याच फोनमध्ये फोन वायफायला जोडलेला असताना यूएसबी टेदरिंग केलं की तेच वायफाय कॉम्प्युटरला मिळतं, मोबाइल डेटा खर्च होत नाही. हे जमवून घ्याच, कारण उबुंटूचं फर्मवेअरचं पॅकेजच शेकडो एमबीचं आहे.

कार्डाची ओळख

खोक्यावरचं नाव विसरा. एकाच मॉडेलच्या नावाखाली कंपन्या आतली चिप बदलतात. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा डाँगल (यूएसबीत लावायचं वायफाय कार्ड) याचं ठळक उदाहरण आहे: व्हर्जन १ मध्ये अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, ती लिनक्सवर लावताक्षणी चालते. व्हर्जन २ पासून आत रियलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली, तिचा ड्रायव्हर वेगळा, वागणं वेगळं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून कार्डाची खरी ओळख म्हणजे त्याचा आठ अक्षरांचा आयडी: पहिली चार कंपनीची, पुढची चार चिपची.

मदरबोर्डवरच्या किंवा स्लॉटमधल्या कार्डासाठी:

एलएसपीसीआय -एनएनके

यूएसबी डाँगलसाठी:

एलएसयूएसबी

पहिल्या कमांडच्या उत्तरात ‘इथरनेट कंट्रोलर’ किंवा ‘नेटवर्क कंट्रोलर’ असलेल्या ओळी शोधा. साधारण असं दिसेल:

०२:००.० इथरनेट कंट्रोलर [०२००]: रियलटेक सेमीकंडक्टर [१०ईसी:८१६८]
कर्नल ड्रायव्हर इन यूज: आर८१६९
कर्नल मॉड्यूल्स: आर८१६९

शेवटच्या चौकटी कंसातला १०ईसी:८१६८ हा तुमच्या कामाचा आयडी. १०ईसी म्हणजे रियलटेक, ८०८६ इंटेल, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अथेरॉस, १४सी३ मीडियाटेक. यूएसबीवर रियलटेकचा आकडा ०बीडीए असा वेगळा असतो, आणि टीपी-लिंक २३५७ हा स्वतःचा आकडा वापरतं. नेटवर शोधताना मॉडेलचं नाव टाकू नका, हा आयडी टाका.

आता खालच्या दोन ओळी बघा. ‘ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ असेल तर ड्रायव्हर लागलेला आहे. नवीन ड्रायव्हर शोधायचा नाही, थेट फर्मवेअरच्या आणि ‘ड्रायव्हर लागलाय, तरी नेट नाही’ या भागाकडे जा. ‘मॉड्यूल्स’ आहे पण ‘इन यूज’ नाही, याचा अर्थ ड्रायव्हर डिस्कवर आहे, पण कार्डाला चिकटला नाही. बहुधा फर्मवेअर नाही, सिक्युअर बूटने अडवलं, किंवा कोणीतरी तो ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे लोड न करायच्या यादीत टाकला आहे. दोन्ही ओळी नसतील तर तुमच्या कर्नलला ते कार्ड माहीतच नाही. आणि कार्डाची ओळच नसेल तर ड्रायव्हरचा विषयच येत नाही.

कार्ड यादीतच नाही

आधी बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन ‘ऑनबोर्ड लॅन’ एनेबल आहे का बघा. बायोसची बॅटरी उतरली की सेटिंग मूळ पदावर जातात. विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवले असतील तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज ‘शटडाउन’ म्हणतं तेव्हा खरं शटडाउन होत नाही, आणि कार्ड झोपलेल्या अवस्थेत लिनक्सच्या हाती येतं. विंडोजमध्ये ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ दिलं की काम होतं. त्यानंतर मशीन बंद करून पॉवर केबल काढा, पॉवर बटण वीसेक सेकंद दाबून धरा, मग चालू करा. एवढ्यानेच परत आलेली कार्डं पुष्कळ असतात.

स्लॉटमधलं वेगळं कार्ड असेल तर ते काढून सोनेरी पट्टी खोडरबराने हलक्या हाताने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळल्यावर परत घट्ट बसवा. आपल्याकडच्या पावसाळी ओलीने आणि फाउंड्रीच्या धुळीने ही पट्टी काळवंडते. लॅनच्या पोर्टमध्ये टॉर्च मारून आत बघा: आठ पिना एका रांगेत, सारख्या उंचीवर आणि चकचकीत हव्यात. एखादी हिरवट झालेली किंवा दबलेली दिसली तर दोष तिथेच आहे.

वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि दुसऱ्या दिवशीपासून लॅन गेलं, तर पोर्ट जळलेलं असण्याची शक्यता मोठी. कधी कार्ड यादीतून पूर्ण जातं; कधी यादीत दिसतं, ड्रायव्हरही लागतो, पण कुठलीही केबल लावली तरी दिवा पेटत नाही. त्याला सॉफ्टवेअरचा इलाज नाही. रिकाम्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये आरटीएल८१११ चिपचं साधं गिगाबिट कार्ड टाका, ते आर८१६९ वर आपोआप चालतं. आणि बाहेरून येणारी केबल थेट मदरबोर्डला लावू नका, मध्ये एक छोटा स्विच ठेवा. केबलमधून झटका आला तर बहुधा आधी स्विच जातो.

डाँगलची एक वेगळी गंमत आहे. एलएसयूएसबीमध्ये ०बीडीए:१ए२बी दिसलं तर डाँगल सध्या स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून दाखवतोय. त्यात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. यूएसबी-मोडस्विच पॅकेज टाका आणि हे द्या, यातला ‘के’ कॅपिटल (‘सुडो’ म्हणजे एस-यू-डी-ओ, ते कमांड ॲडमिनच्या अधिकाराने चालवतं):

सुडो यूएसबी_मोडस्विच -के -व्ही ०बीडीए -पी १ए२बी

आता एलएसयूएसबी परत बघा. आयडी बदललेला असेल, आणि तो खरा.

फर्मवेअर म्हणजे ड्रायव्हर नव्हे

या दोन गोष्टींची गल्लत सर्वांत जास्त होते. ड्रायव्हर कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर चालतो. फर्मवेअर हा कार्डाच्या आतल्या चिपवर चालणारा प्रोग्रॅम; चालू होताना ड्रायव्हर तो /लिब/फर्मवेअर या फोल्डरमधून उचलून कार्डात भरतो. ड्रायव्हर असून फर्मवेअर नसेल तर वायफाय कार्ड मुकं राहतं. तपासायला:

सुडो डीमेसेज | ग्रेप -आय फर्मवेअर

‘डीमेसेज’ टाइप करताना डी-एम-ई-एस-जी एवढीच पाच अक्षरं. उत्तरात अशी ओळ दिसली की निदान झालं:

डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर आरटीडब्ल्यू८८/आरटीडब्ल्यू८८२१सी_एफडब्ल्यू.बिन फेल्ड विथ एरर -२

उणे दोन म्हणजे ती फाइल सापडली नाही. इथे ड्रायव्हर दहा वेळा टाकला तरी उपयोग शून्य. उबुंटू आणि मिंटवर:

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल लिनक्स-फर्मवेअर

डेबियनवर कंपनीप्रमाणे वेगळी पॅकेज आहेत: फर्मवेअर-रियलटेक, फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय, फर्मवेअर-अथेरॉस, फर्मवेअर-बीआरसीएम८०२११. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलर हे फर्मवेअर सोबतच आणतो. पण डेबियन ११ वरून अपग्रेड केलेल्या मशीनवर /ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट या फाइलमध्ये ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा शब्द हाताने जोडावा लागतो, नाहीतर पॅकेज मिळतच नाही. टाकून झालं की मशीन रीस्टार्ट करा.

एक अपवाद लक्षात ठेवा. केबलच्या रियलटेक कार्डाबाबत ‘पॉसिबल मिसिंग फर्मवेअर’ अशी सूचना अपडेटच्या वेळी दिसते. आर८१६९ बहुतेक चिपवर फर्मवेअरविना चालतो, आणि ती यादी तुमच्या मशीनमध्ये नसलेल्या चिपांचीही असते. लॅन चालत असेल तर त्या सूचनेकडे लक्ष देऊ नका.

कर्नल कार्डापेक्षा जुना

आधी कर्नलचं व्हर्जन बघा (युनेम म्हणजे यू-एन-ए-एम-ई):

युनेम -आर

मग ते कार्डाशी जुळवा. रियलटेकच्या २.५ गिगाबिट आरटीएल८१२५ ला आर८१६९ मध्ये कर्नल ५.४ पासून आधार मिळाला. वायफायपैकी आरटीएल८७२३डीई ५.८ पासून, आरटीएल८८२१सीई ५.९ पासून, मीडियाटेकचं एमटी७९२१ हे ५.१२ पासून, आरटीएल८८५२एई ५.१६ पासून आणि आरटीएल८८५२बीई ६.२ पासून चालतं. आता समोर ठेवा: उबुंटू २२.०४ सुरुवातीला ५.१५ घेऊन आलं, डेबियन १२ मध्ये ६.१ आहे, उबुंटू २४.०४ मध्ये ६.८, डेबियन १३ मध्ये ६.१२. म्हणजे १०ईसी:बी८५२ आयडीचं आरटीएल८८५२बीई असलेला लॅपटॉप घेऊन कोणी डेबियन १२ टाकलं तर वायफाय मिळणार नाही, आणि त्याचं कारण एवढंच की कर्नल एका पायरीने मागे आहे. त्यासाठी कुठलाही कोड कंपाइल करायची गरज नाही. कर्नल पुढचा घ्या.

उबुंटू २२.०४ वर एचडब्ल्यूई, म्हणजे नव्या हार्डवेअरसाठीचा कर्नल:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४

मिंटमध्ये अपडेट मॅनेजर उघडून ‘व्ह्यू’ मेनूत ‘लिनक्स कर्नल्स’ निवडा, तिथे बटणावरच काम होतं. डेबियन १२ वर सोर्सेस.लिस्टमध्ये बॅकपोर्ट्सची (नवी पॅकेज जुन्या डेबियनसाठी देणाऱ्या भांडाराची) ओळ जोडून:

सुडो एपीटी इन्स्टॉल -टी बुकवर्म-बॅकपोर्ट्स लिनक्स-इमेज-एएमडी६४ फर्मवेअर-रियलटेक

कर्नल आणि फर्मवेअर दोन्ही एकदम बॅकपोर्ट्समधून घ्या. नवा कर्नल नव्या फर्मवेअर फाइल मागतो. एकच घेतलं तर पुन्हा तीच उणे दोनची ओळ दिसते. नवा कर्नल टाकला म्हणून जुना काढू नका. काही बिनसलं तर चालू होताना ग्रब या बूट मेनूच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुन्यावर परत जाता येतं.

इंटेलची कार्डं असतील तर हा भाग तुम्हाला सहसा लागणार नाही. केबलची ई१०००ई, आयजीबी, आयजीसी आणि वायफायची आयडब्ल्यूएलवायफाय या ड्रायव्हरवर चालतात आणि सरळ चालतात.

बाहेरचा ड्रायव्हर खरंच लागतो तेव्हा

असे प्रसंग थोडे आहेत. सर्वांत नेहमीचा म्हणजे ब्रॉडकॉमचं बीसीएम४३१४२, आयडी १४ई४:४३६५, जे जुन्या लॅपटॉपमध्ये फार आढळतं. कर्नलमधला खुला ड्रायव्हर ते चालवत नाही, ब्रॉडकॉमचा ‘डब्ल्यूएल’ लागतो. उबुंटूत ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ किंवा मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडलं की तो आपणहून सुचवला जातो. टर्मिनलवरून:

सुडो एपीटी इन्स्टॉल बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स

डेबियनवर याच कामाचं पॅकेज ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस. पण ब्रॉडकॉम म्हटलं की लगेच हे टाकू नका. १४ई४:४७२७ म्हणजे बीसीएम४३१३ हे कर्नलमधल्या बीआरसीएमएसमॅकवर चालतं. डब्ल्यूएलचं पॅकेज बी४३, बीसीएमए, एसएसबी, बीआरसीएमएसमॅक अशा ड्रायव्हरना ब्लॅकलिस्ट करतं, त्यामुळे नको तिथे टाकलं तर चालू वायफाय जातं.

दुसरा प्रसंग रियलटेकच्या काही यूएसबी डाँगलचा. इथे सोर्स कोड घेऊन बांधावाच लागला, तर नुसतं ‘मेक इन्स्टॉल’ करू नका, डीकेएमएसनेच बांधा. कारण साधं आहे: कर्नल मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरची बांधलेली फाइल, ज्या कर्नलसाठी बांधलं त्याच्यावरच चालतं. पंधरा दिवसांनी सिक्युरिटी अपडेटमध्ये कर्नल बदलला की ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ किंवा ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ येतं, नाहीतर मॉड्यूल सापडतच नाही, आणि ‘काल चालत होतं, आज बंद’ अशी तक्रार येते. डीकेएमएस प्रत्येक नव्या कर्नलबरोबर ते पुन्हा बांधून देतं. उबुंटू आणि मिंटवर तयारी:

सुडो एपीटी इन्स्टॉल डीकेएमएस बिल्ड-इसेन्शियल लिनक्स-हेडर्स-जेनेरिक

वर सांगितलेला एचडब्ल्यूई कर्नल घेतला असेल तर हेडर्सचं (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइलचं) पॅकेजही त्याच नावाचं घ्या: लिनक्स-हेडर्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४. बांधकाम ‘/लिब/मॉड्यूल्स/…/बिल्ड: नो सच फाइल’ म्हणून थांबलं तर चालू कर्नलचे हेडर्स आलेले नाहीत, ‘युनेम -आर’चं उत्तर आणि हेडर्सचं व्हर्जन अक्षरन् अक्षर जुळायला हवं. उबुंटू २२.०४ वर नव्या एचडब्ल्यूई कर्नलसोबत ‘-एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट’ हा पर्याय ओळखता येत नाही अशी तक्रार आली, तर कर्नल जीसीसी १२ या कंपायलरने बांधलेला आहे आणि तुमच्याकडे जीसीसी ११ आहे. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल जीसीसी-१२’ करून पुन्हा बांधा. आणि सी भाषेतल्या चुकांचा ढीग आला तर तो सोर्स तुमच्या कर्नलपेक्षा जुना आहे. त्याला ठिगळं लावत बसू नका, नवी प्रत शोधा किंवा कार्ड बदला.

शेवटी स्थिती बघा:

डीकेएमएस स्टेटस

उत्तरात चालू कर्नलच्या व्हर्जनपुढे ‘इन्स्टॉल्ड’ हवं. ‘ॲडेड’ किंवा ‘बिल्ट’वर थांबलं असेल तर काम अर्धवट आहे.

तिसरा प्रसंग वादाचा: केबलच्या १०ईसी:८१६८ साठी आर८१६९ काढून कंपनीचा आर८१६८ टाकावा का? हा सल्ला जुना आहे. आजच्या कर्नलवर आर८१६९ चांगला चालतो. केबल आणि स्विच बदलूनही लिंक सारखी तुटत असेल तरच आर८१६८-डीकेएमएस टाकून बघा, आणि फरक पडला नाही तर काढून टाका. दोन्ही ड्रायव्हर एकाच कार्डावर हक्क सांगत राहिले तर कुठला लागेल याचा भरवसा नाही.

सिक्युअर बूट

ड्रायव्हर बांधला गेला, डीकेएमएस ‘इन्स्टॉल्ड’ सांगतंय, तरी मॉडप्रोब (ड्रायव्हर लोड करणारी कमांड) दिल्यावर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ येतं. हा ड्रायव्हरचा दोष नाही. सिक्युअर बूट चालू असताना कर्नल सही नसलेलं मॉड्यूल आत घेत नाही. खात्री करा (मोकयुटिल म्हणजे एम-ओ-के-यू-टी-आय-एल):

मोकयुटिल --एसबी-स्टेट

उत्तर ‘एनेबल्ड’ असेल तर दोन रस्ते. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करणं हा झटपट रस्ता; पण त्याच मशीनवर बिटलॉकर लावलेलं विंडोज असेल तर ते रिकव्हरी की मागू शकतं, ती आधी हाताशी ठेवा. दुसरा आणि चांगला रस्ता म्हणजे तुमच्या मशीनची सही नोंदवणं. उबुंटूवर:

सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/मोक.डर

यात फाइलच्या नावातला ‘मोक’ कॅपिटल अक्षरांत, ‘डर’ म्हणजे डी-ई-आर छोट्या अक्षरांत. डेबियनवर फाइल /व्हार/लिब/डीकेएमएस/मोक.पब, सगळी छोटी अक्षरं. कमांड एक पासवर्ड ठरवायला सांगते. आठ अक्षरांचा साधा ठेवा, चिन्हं नकोत, कारण पुढच्या निळ्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो. आता रीस्टार्ट करा आणि मशीनसमोरून उठू नका. निळा पडदा दहा सेकंदच थांबतो. कुठलीही कळ दाबा, ‘एन्रोल मोक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, पासवर्ड, ‘रीबूट’. पडदा हुकला तर मशीन नेहमीसारखं चालू होतं, पण नोंदणी झालेली नसते, इम्पोर्ट पुन्हा करावं लागतं. एकदा नोंदवलेली सही पुढच्या सगळ्या डीकेएमएस ड्रायव्हरना चालते.

वायफाय दिसतं, पण रेंज नाही

आरटीएल८७२३बीई, आयडी १०ईसी:बी७२३, या कार्डाची ही ओळखीची खोड. राउटरशेजारी चालतं, दुसऱ्या खोलीत गेलं की गायब. कार्डाला अँटेनाची दोन टोकं आहेत आणि अनेक लॅपटॉपमध्ये तार एकालाच जोडलेली असते. ड्रायव्हर दुसऱ्या, रिकाम्या टोकावर ऐकत बसतो. /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ फोल्डरमध्ये आरटीएल८७२३बीई.कॉन्फ नावाची फाइल करून त्यात एकच ओळ लिहा:

ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई अँट_सेल=२

‘अँट_सेल’ म्हणजे ए-एन-टी, अंडरस्कोर, एस-ई-एल. रीस्टार्ट करून रेंज बघा, फरक नसेल तर २ च्या जागी १. बरोबर आकडा लागला की फरक लगेच कळतो.

आरटीएल८८२१सीई असेल आणि वायफाय मधूनच गोठत असेल, किंवा डीमेसेजमध्ये पीसीआय एक्सप्रेसच्या एररचा पूर येत असेल, तर तशीच फाइल करून ही ओळ:

ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_पीसीआय डिसेबल_एएसपीएम=१

आणि नुसतं पिंग अडखळत असेल, तर कार्डाची वीजबचत बंद करा: /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी/ मधल्या डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ या फाइलमध्ये ३ च्या जागी २ लिहा. फोल्डरच्या नावात नेटवर्कमधला एन आणि मॅनेजरमधला एम कॅपिटल आहे.

ड्रायव्हर लागलाय, तरी नेट नाही

आता ड्रायव्हरला हात लावू नका. आधी ‘आयपी लिंक’ द्या. ईएनपी२एस० किंवा डब्ल्यूएलपी३एस० अशी नावं दिसतील. केबलच्या नावापुढे ‘नो-कॅरिअर’ असेल तर कार्ड ठीक आहे, दोष केबल, स्विच किंवा समोरच्या पोर्टमध्ये. वायफायसाठी ‘आरएफकिल लिस्ट’ बघा. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ असेल तर ‘सुडो आरएफकिल अनब्लॉक ऑल’. ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ असेल तर लॅपटॉपच्या कडेचा सरकता स्विच किंवा विमानाचं चित्र असलेली एफएन कळ, ते कमांडने सुटत नाही.

‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ दिल्यावर कार्डापुढे ‘अनमॅनेज्ड’ दिसलं, तर नेटवर्कमॅनेजरला ते हाताळू नको असं कुठेतरी लिहिलेलं आहे. डेबियनवर बहुधा /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस या फाइलमध्ये त्या कार्डाचं नाव असतं. ‘लो’ (मशीनचं स्वतःशीच असलेलं कनेक्शन) सोडून बाकीच्या ओळींपुढे हॅश (#) लावा आणि ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट नेटवर्कमॅनेजर’ द्या. इथेही एन आणि एम कॅपिटल.

गिगाबिट कार्ड असून वेग १०० एमबीपीएसवर अडला, तर ‘सुडो ईथटूल ईएनपी२एस०’ मधली ‘स्पीड’ची ओळ वाचा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला फक्त १, २, ३ आणि ६ या पिना पुरतात. म्हणून ४, ५, ७, ८ पैकी एखादी तार क्रिम्प करताना नीट बसली नसेल तर नेट चालू राहतं, पण १०० च्या वर जात नाही. दोन्ही टोकांचे आरजे४५ कापून नवे लावा. वर्कशॉपमध्ये मोटर आणि वेल्डिंगच्या वायरीला चिकटून लॅन केबल ओढली असेल तर तीही वेगळ्या मार्गाने न्या.

कार्डच बदलायचं ठरलं तर

स्वस्त रियलटेक डाँगलवर दोन दिवस घालवण्यापेक्षा लॅपटॉपमध्ये इंटेलचं एम.२ कार्ड टाकणं परवडतं. मात्र नाव नीट वाचा. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही स्वतंत्र कार्डं आहेत, एएमडीच्या मशीनवरही चालतात. एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही दिसायला तशीच, पण त्यांचा अर्धा भाग इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरच्या आत असतो. इतर मशीनमध्ये ती ओळखलीच जात नाहीत. एएक्स२१० ला कर्नल ५.१० किंवा पुढचा हवा. काही जुन्या लॅपटॉपचं बायोस ठरावीक कार्डंच स्वीकारतं, त्यामुळे घेण्याआधी आपल्या मॉडेलची खात्री करा. मिनी पीसीआय एक्सप्रेस स्लॉट असलेल्या जुन्या लॅपटॉपला अथेरॉसची एथ९के ड्रायव्हरवर चालणारी कार्डं उत्तम, त्यांना वेगळी फर्मवेअर फाइलही लागत नाही.

राजारामपुरी किंवा शाहूपुरीतल्या दुकानात डाँगल घ्यायला जाताना उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह खिशात ठेवा. दुकानदाराच्या परवानगीने एखाद्या मशीनवर तो चालू करा, डाँगल लावा, एलएसयूएसबीमध्ये आयडी वाचा आणि वायफायची यादी येते का ते बघा. यादी आली तर घ्या, नाहीतर दुसरा मागा. आणि अडून कोणाला विचारायची वेळ आलीच, तर ‘वायफाय चालत नाही’ एवढंच न लिहिता एलएसपीसीआय -एनएनके, युनेम -आर, आरएफकिल लिस्ट आणि डीमेसेजमधल्या फर्मवेअरच्या ओळी अशी चार उत्तरं आणि डिस्ट्रोचं (उबुंटू, मिंट किंवा डेबियनचं) व्हर्जन सोबत द्या.